झाकणाच्या आतले ओरखडे

मी एक जुना टूथब्रश आहे. नाक मुरडायची घाई करू नका, मित्रांनो. आधी माझी हकिगत ऐका, मग कुणाकडे बघून मुरडायचं ते ठरवा. मी ज्या घरात राहिलो तिथे नाक मुरडण्याजोग्या गोष्टींना तोटा नव्हता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेलं निळं प्लास्टिक साच्यात पडलं, गार झालं आणि माझी दांडी तयार झाली. मग एका यंत्राने डोक्याला बारीक भोकं पाडली, दुसऱ्याने त्यांत पांढऱ्या केसांचे झुपके ठोकले, तिसऱ्याने ते एका रेषेत कापले. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि पुढे सरकवलं. माझ्या शेजारच्या भावाचे दोन केस वाकडे होते, त्याला त्यांनी टोपलीत फेकलं. जग किती न्यायी आहे, असं मला त्या वेळी वाटलं. माझ्या वेष्टनावर छापलं होतं, ‘दाढांच्या मागपर्यंत पोहोचणारा’. माझ्याबद्दल आयुष्यात कुणी छापलेली ही एकच ओळ, आणि ती खरी होती.

मला ज्यांनी विकत घेतलं त्यांना सगळी वसाहत युक्तीकाका म्हणत असे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं भांडार सांभाळलं होतं. त्या तीस वर्षांत त्यांनी नळाचा वायसर नळाखेरीज दुसऱ्या कामाला दिला नाही. चिठ्ठी हातात घ्यायची, शिक्का पाहायचा, काम वाचायचं आणि मोजून तेवढीच वस्तू काढून द्यायची. शिक्का नसेल तर मोठा साहेब आला तरी रिकाम्या हाताने परत. असा माणूस निवृत्त झाला की एकतर झोपा काढतो, नाहीतर दावं तुटलेल्या बैलासारखा दिसेल तिथे शिरतो. काका दुसऱ्या प्रकारचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात, काकांनी तर घरातली एक भिंत सोडली नाही. आयुष्यभर प्रत्येक वस्तू तिच्याच कामाला दिली, त्याचा जणू त्यांनी सूड उगवायचं ठरवलं होतं.

त्यांच्या घरात कुठल्याही वस्तूला स्वतःचं काम करायची सोय नव्हती. फुटलेला बल्ब बटाट्याने काढायचा. दाढीचा फेस न्हाणीघरातल्या आरशाला फासायचा, म्हणजे म्हणे वाफ धरत नाही. नखांचं पॉलिश शर्टाच्या बटणांच्या दोऱ्यावर. मेणबत्ती अडकणाऱ्या ड्रॉवरला. केस वाळवायचं यंत्र बरण्यांवरची लेबलं काढायला, आणि पायमोजे खिडकीच्या पट्ट्या पुसायला. काकू एकदा शेजारणीला सांगत होत्या की आमच्याकडे कंगवा मागितला तर आधी विचारावं लागतं, काल याने काय केलं. काकू बोलत कमी. त्यांनी स्वतःचा कंगवा, स्वतःची कात्री आणि स्वतःचा रुमाल कपाटात कुलूप लावून ठेवला होता, आणि किल्ली कमरेला.

मी दातांवर फक्त सव्वीस दिवस काम केलं. काकांचे दात काही नाव घेण्यासारखे नव्हते. खालच्या दोन दाढा गेलेल्या, वरची एक हलणारी. पण काम इज्जतीचं होतं. सत्ताविसाव्या सकाळी काकांनी मला उजेडात धरलं, केसांवरून अंगठा फिरवला आणि समाधानाने म्हणाले, आता हा तयार झाला. मग त्यांनी माझ्या मानेला लाल रबरबँड गुंडाळला. त्या घरात लाल रबरबँड म्हणजे हा आता तोंडात घालायचा नाही. मित्रांनो, जो तीन महिने दातांची सेवा करायला जन्मला त्याला सव्वीस दिवसांत बाद करायचं आणि वर त्याला ‘तयार झाला’ म्हणायचं, यासारखा अपमान नाही.

त्यानंतर मी काय काय घासलं ते सांगायला बसलो तर तुम्ही जेवायचे नाहीत. फरशीच्या फटी. शेगडीचे बर्नर. सायकलची साखळी. कुणाच्या तरी बुटाची चिखल भरलेली नक्षी. चाळणीची भोकं, की-बोर्डाच्या पट्ट्यांमधला भुसा, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस. ‘दाढांच्या मागपर्यंत पोहोचणारा’ हे शब्द काकांनी फार मनावर घेतले असावेत, कारण त्यांनी मला जिथे जिथे पोहोचवलं तिथे माणसाने डोळे मिटूनही बघू नये.

माझ्या जोडीला खाण्याचा सोडा असे, व्हिनेगर असे आणि माझी जुनी साथीदार टूथपेस्ट असे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की नुसता फसफसाट. दोघं मिळून इतका आवाज करत, की बघणाऱ्याला वाटावं काहीतरी मोठं घडतंय. फेस ओसरला की डाग होता तिथेच. मग घासायला मी. टूथपेस्टची तर मला कीवच येई. तिला कशाचंच वाईट वाटत नसे. पांढऱ्या बुटांवर, भिंतीतल्या खिळ्याच्या भोकात, काकूंच्या चांदीच्या वाटीवर, जिथे पिळाल तिथे ती हसतमुखाने पसरायची.

कौतुकही झालं, ते नाकारत नाही. वसाहतीतल्या बायका काकांकडे युक्त्या विचारायला येत. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचे पांढरे सँडल मी असे उजळले की त्या दोनदा आभार मानायला आल्या. काका मला हातात धरून दाखवत आणि म्हणत, फेकू नका हो, काही फेकू नका, प्रत्येक वस्तूत दहा कामं असतात. बायका माना डोलवत. उंटावरचे शहाणे कसे तयार होतात ते मी फार जवळून पाहिलं आहे. ते एकटे होत नाहीत, खाली उभं राहून माना डोलवणारे लागतात. आणि खरं सांगतो, त्या माना डोलताना पाहून मलाही बरं वाटायचं. मग एक अख्खा पावसाळा मी बेसिनच्या मागे पडून होतो. कुणाला माझी आठवण झाली नाही.

त्या घरात एकच जागा अशी होती, जिथे काकांची युक्ती चालत नसे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी सूनबाईंचं टेबल होतं. काकांचा मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला होता, दोन महिने तिकडे आणि एक महिना घरी. सूनबाई सासू-सासऱ्यांजवळ राहून घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला काळं भिंग लावून त्या खाली वाकल्या की तासन्‌तास त्यांची फक्त बोटं हलत. त्या टेबलावर प्रत्येक वस्तूचं काम ठरलेलं होतं आणि ती वस्तू तेवढंच करत असे. या चिमट्याने फक्त काटे उचलायचे. त्या चिमट्याने फक्त स्प्रिंग. तिथे ब्रशही होते, बारीक दांडीचे, मऊ केसांचे, तीन भाऊ एका काचेच्या पेल्यात. मी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत असे, कारण त्यांनी कधी साखळी घासली नव्हती, फरशी पाहिली नव्हती. ते माझ्याकडे पाहतच नसत. ते मला जास्त लागे.

सूनबाईंनी घरात आल्या त्याच आठवड्यात हात जोडून सांगितलं होतं, बाबा, घरातलं काहीही घासा, फक्त माझ्या टेबलाला हात लावू नका. काकांनी शब्द दिला आणि पाळला. टेबलाच्या कडेपासून ते वीतभर लांबच उभे राहत. भांडारातला माणूस, दुसऱ्याच्या कपाटाची मर्यादा त्यांना कळत होती.

सूनबाईंचे वडील घड्याळजी होते. त्या त्यांना अप्पा म्हणत. अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून त्या सगळं शिकल्या. ना शाळा, ना परीक्षा, ना कागद. कागदाच्या जागी त्यांच्याकडे अप्पांचं खिशातलं घड्याळ होतं, चांदीच्या झाकणाचं, काळं पडलेलं. एका दुपारी काकू शेंगा सोलत बसल्या होत्या तेव्हा सूनबाईंनी ते त्यांना उघडून दाखवलं. घड्याळजींची एक रीत असते. घड्याळ दुरुस्त करून बंद करायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि आपली खूण ओढायची. गिऱ्हाइकाला ती दिसतही नाही. पुढे कधी दुसऱ्या घड्याळजीने उघडलं तर त्याला कळावं की याला कुणाचा हात लागला होता, आणि काही चुकलं असेल तर कुणाला विचारायचं. अप्पा स्वतःचं घड्याळ दरवर्षी एकदा साफ करत. आतमध्ये अशा बावीस खुणा होत्या, गोल गोल, केसाएवढ्या बारीक. प्रत्येक तारखेपाशी मासे पकडायच्या गळासारखी वळलेली एक रेघ, ती अप्पांची. शेवटच्या वर्षी त्यांनी ते काम पूर्णपणे लेकीकडून करवून घेतलं. मग सुई घेऊन स्वतःची रेघ ओढली आणि तिच्या शेजारी लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. पुढच्या वर्षी अप्पा नव्हते.

हे सगळं मी ऐकलं, कारण मी तेव्हा शेजारी खिडकीच्या खाचेत कामाला लागलो होतो. काकांनी अर्धंच ऐकलं. मध्येच ते सोडा आणायला आत गेले. त्यांच्या कानावर एवढंच पडलं की झाकणाच्या आत अप्पांची खूण आहे.

काही दिवसांनी सूनबाईंना एक निरोप आला. गावात एक जुना घड्याळांचा कारखाना होता. मनोऱ्यांवरची, कचेऱ्यांतली, संग्रहालयातली मोठी घड्याळं तिथे दुरुस्तीला येत. तिथले वस्ताद फार थोड्या माणसांना घेत, आणि ज्याला घेत तो आयुष्यभराचा कारागीर होऊन निघे. सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी तिथे अर्ज दिला होता. आता एक जागा रिकामी झाली होती. वस्तादांनी फोनवर सांगितलं, कागद नको, तुमच्या वडिलांचा हात मी ओळखतो, त्यांचं घड्याळ घेऊन या, झाकण बघतो. सोमवारी अकरा वाजता. खिडकीतल्या त्या टेबलावर हातघड्याळांचे सेल बदलून त्या कंटाळल्या होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी दुपारी सासू-सुना नवीन चपला घ्यायला बाजारात गेल्या. सोमवारची पिशवी भरून तयार होती, जेवणाच्या टेबलावर. पिशवीशेजारी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ. खिडकीतल्या टेबलावर नव्हतं, हे लक्षात घ्या. काकांनीही नेमकं हेच लक्षात घेतलं.

मित्रांनो, दुष्ट माणसाचा राग करणं सोपं असतं. काका दुष्ट नव्हते. त्यांनी रुमाल सोडला, काळवंडलेलं घड्याळ पाहिलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. पोरगी एवढ्या मोठ्या ठिकाणी चाललीये आणि हे असलं कळकट घेऊन जाणार. तिला सवड मिळाली नसेल. त्यांनी बाह्या दुमडल्या, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, टूथपेस्टची नळी आणली आणि मला.

बाहेरचं झाकण दहा मिनिटांत उजळलं. चांदी ती, तिला काय लागतं. काकांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं, आणि मग नखाने आतलं झाकण उघडलं. त्यांना अप्पांची खूण बघायची होती. भांडारातल्या माणसाच्या लेखी खूण म्हणजे शिक्का. गोल, ठसठशीत, मध्ये अक्षरं, भोवती रेघ. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. शिक्का कुठेच दिसेना. दिसले ते नुसते ओरखडे, काळे पडलेले, एकावर एक. काकांनी मान हलवली. शिक्का मळाखाली गेला असणार. उद्या ते वस्ताद झाकण उघडणार, आणि त्यांना शिक्काच दिसला नाही तर पोरीचं काय होणार?

तो शिक्का वर आणण्यासाठी त्यांनी मला झाकणात घातलं.

आता माझं सांगतो. माझे केस त्या ओरखड्यांत शिरले आणि मला कळलं की हे ओरखडे नाहीत. फरशीच्या फटी, साखळ्या, बुटांच्या नक्ष्या घासून घासून मला एवढं समजत होतं की आपोआप पडलेली रेघ कशी असते आणि हाताने ओढलेली कशी असते. प्रत्येक तारखेपाशी तोच वळसा येत होता. वर मी त्या दुपारी ऐकलंही होतं. पण मी काय केलं असेल, सांगा? मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या टेबलाकडे मला फिरकू दिलं नाही, तिथलं सगळ्यात नाजूक काम आज माझ्या हाती आलं होतं. पेल्यातले ते तीन मऊ भाऊ बघत होते. बघा म्हटलं, तुम्हाला जन्मात जमलं नाही ते मी करून दाखवतो. आणि मी जीव ओतून घासलं. थांबणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण मला थांबावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं.

शिक्का निघेना. काकांनी पुन्हा पेस्ट लावली. मग सोडा. मग भांड्यांना चकाकी आणायची पांढरी भुकटी आणि जुन्या बनियनची चिंधी. मग पुन्हा मी. दोन तास. कपाळावरचा घाम टिपत ते पुटपुटत होते, कुठं दडून बसलाय हा. शेवटी झाकण आतून असं झालं की त्यात काकांना स्वतःचा चष्मा दिसू लागला. शिक्का नाही तो नाहीच. निदान स्वच्छ तरी झालं, असं म्हणून त्यांनी घड्याळ नव्या रुमालात ठेवलं.

सासू-सुना परत आल्या तेव्हा काका दारातच उभे होते. सूनबाईंनी रुमाल सोडला. बाहेरची चकाकी पाहून त्या जरा दचकल्या, तरी हसल्या. मग नख लावून त्यांनी आतलं झाकण उघडलं.  त्या खिडकीपाशी गेल्या, भिंग लावलं, झाकण तिरकं धरून फिरवलं.

“बाबा, आत काय केलंत?”

“शिक्का काही सापडला नाही गं,” काका म्हणाले. “किती घासलं. ओरखडेच फार होते नुसते.”

“ते ओरखडे अप्पांचे होते.”

काकू नव्या चपलांची पिशवी हातात घेऊन तशाच खुर्चीवर टेकल्या.   काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांना आता समजत होतं, एकेक रेघ, एकेक वर्ष, दोन तासांचा हिशेब उलटा लागत होता. आणि मग त्यांच्या तोंडून सवयीने निघालंच. पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकून बघू या, ती खाचेत बसते आणि पुसलेलं उमटतं, मी पावतीवर करून पाहिलंय. ते धावत जाऊन पेन्सिल घेऊन आले, ब्लेडने शिसं खरवडलं, बोटाने पूड झाकणावर पसरली. झाकण सगळीकडे सारखंच करडं झालं. फुंकर मारली, पूड उडाली, खाली पुन्हा चष्मा दिसला. त्यांनी दुसऱ्यांदा पूड घातली. सूनबाईंनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, बाबा.”

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात आणि विसरून जातात. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी सूनबाई निघाल्या तेव्हा काकाही कपडे करून दारात उभे होते. सूनबाईंनी नको म्हटलं. तरी काका मागोमाग निघाले. त्यांच्या खिशात मी होतो. ते बाहेर पडताना मला नेहमी खिशात टाकत, कुठे काय घासायला मिळेल याचा नेम नसे. त्या दिवशी सवयीने टाकलं होतं की मुद्दाम, ते मला माहीत नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंनी उंच खिडक्या, खाली टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर हिरवं कापड. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत एकच वेळ. वस्ताद वाळक्या अंगाचे होते, भिंग कपाळावर चढवलेलं. त्यांनी सूनबाईंना बसायला सांगितलं, काकांना भिंतीपाशी स्टूल दाखवलं, आणि घड्याळ हातात घेतलं. बाहेरची चकाकी पाहताच त्यांच्या भुवया जवळ आल्या. आतलं झाकण उघडून त्यांनी भिंग खाली घेतलं.

“हे आतून कुणी घासलं?”

सूनबाई म्हणाल्या, “माझ्याकडून झालं.”

वस्तादांनी झाकण बंद केलं आणि घड्याळ कापडावरून सूनबाईंकडे सरकवलं. म्हणाले, घड्याळजी झाकण आतून घासत नाही. जो घासतो त्याला मी इथे बसवत नाही. तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पण तुम्ही आता या. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि दुसरं काम पुढ्यात ओढलं. सूनबाई उठल्या. भिंतीपाशी काका बसले होते, त्यांच्या छातीचे ठोके मला खिशात ऐकू येत होते.

मला वाटलं, हा माणूस गप्प बसणार. वसाहतीत माना डोलवणाऱ्यांपुढे बोलणं निराळं. इथे कुणी मान डोलवणार नव्हतं. त्यांचा तिरस्कार करण्याची एवढी चांगली संधी मला पूर्वी मिळाली नव्हती.

काका उठले. टेबलापाशी येऊन त्यांनी मला खिशातून काढलं आणि त्या हिरव्या कापडावर ठेवलं, लाल रबरबँडसकट.

“यानं घासलं. म्हणजे मी. ती घरात नव्हती,” ते म्हणाले. “मला वाटलं खूण म्हणजे शिक्का. तीस वर्षं मी शिक्केच बघितले. हातानं ओढलेलं मला वाचता आलं नाही.”

वस्तादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात माझ्याकडे अनेकांनी पाहिलं, पण इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. माझे फाकलेले केस, मुळाशी साचलेला काळा थर, पेस्टची वाळलेली पांढरी पुटं. मग त्यांनी सूनबाईंना विचारलं, मघाशी खोटं का सांगितलं.

“घरचं माणूस आहे,” त्या म्हणाल्या.

वस्तादांनी भिंग पुन्हा कपाळावर चढवलं. मग घड्याळ पुन्हा त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, “खोला.”

सूनबाईंनी खोललं. काटे, तबकडी, पट्ट्या, चक्रं, सगळं एकेक करून बाहेर आलं. निघालेले स्क्रू त्यांनी कापडावर गोल मांडले, बाराच्या जागी पहिला, एकच्या जागी दुसरा, असे. वस्ताद तोवर खुर्चीत मागे रेलून बसले होते, ते पाहून पुढे वाकले. तासाभराने घड्याळ परत जुळलं, कानाशी धरलं तर टिकटिक नीट होती. वस्तादांनी ड्रॉवरमधून एक सुई काढली, लाकडी मुठीत बसवलेली, आणि सूनबाईंच्या हातात दिली.

“आजची तारीख घाल. तुझी खूण घाल.”

“कुठं घालू?”

“रिकामंच आहे झाकण. हवं तिथं घाल. आणि उद्यापासून ये.”

 सूनबाईंनी मनगट टेबलावर टेकवलं, श्वास रोखला आणि अगदी कडेला, जिथून अप्पांची पहिली तारीख सुरू होत असे, तिथे तारीख ओढली. मग आपलं अक्षर. त्याच्या शेजारी त्यांनी थोडी जागा मोकळी सोडली आणि त्या जागेकडे बघत राहिल्या. तिथे गळासारखी रेघ ओढायला आता कुणी नव्हतं. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते रडत होते. मला त्या वेळी लाज वाटली, मित्रांनो, फार लाज वाटली.

ती दोघं गेल्यावर वस्ताद टेबल आवरू लागले. मी कापडावर तसाच होतो. त्यांनी मला हाताने उचललंही नाही. एक मोठा चिमटा घेतला, माझी दांडी त्यात पकडली आणि मला टेबलाखालच्या टोपलीत सोडलं. कारखान्यात जन्मताना मी ज्या टोपलीतून वाचलो होतो, तशीच ही. उद्या सकाळी ती रिकामी करतील. तोवर मला वेळ आहे, म्हणून एवढं बोललो.

आता माझ्यासारख्याने शेवटी तुम्हाला काहीतरी शिकवावं अशी पद्धत आहे. वस्तू जपून वापरा, मला फेकू नका, वगैरे. मला खुशाल फेका. फेकण्याच्याच लायकीचा आहे मी. पण एक विनंती आहे. तुमच्या घरात प्रेमाने बाह्या दुमडून कुणी दुसऱ्याची वस्तू घासायला काढली, तर त्याचा हात धरा. नव्या उपयोगांच्या शंभर युक्त्या तो सांगेल. त्याला आधी एवढंच विचारा, ही कुणाची आहे आणि त्यांना विचारलंस का? दातांवरचा पातळ पांढरा थर एकदा झिजला की पुन्हा येत नाही, म्हणून हळू घास, हे आम्हा ब्रशांना जन्मतःच ठाऊक असतं. सबंध घरात हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.